बकच्छप कसा तयार होतो? सुकुमार राय यांच्या कवितेची आणि चित्रांची यंत्रणा

बक आणि कच्छप हे दोन शब्द शेजारी लिहा. पहिला 'क'वर संपतो, दुसरा 'क'पासून सुरू होतो. मग दोन 'क' कशाला? एकच ठेवा : बकच्छप. बगळा आणि कासव यांच्या मिश्रणाचा हा प्राणी बंगाली कवी-चित्रकार सुकुमार राय (१८८७–१९२३) यांच्या 'खिचुडि' या कवितेत राहतो. खिचुडि म्हणजे आपली खिचडीच.

त्याच कवितेत हाँस (बदक) आणि सजारु (साळिंदर) मिळून हाँसजारु होतो, हाति आणि तिमि (देवमासा) मिळून हातिमि. पहिल्याच ओळीत कवी कंसात सांगून टाकतो, 'ब्याकरण मानि ना', म्हणजे व्याकरण आपण मानत नाही. हे साफ खोटं आहे. तिन्ही नावं पुन्हा तपासा. हाँस-सजारुमध्ये 'स' सामाईक आहे, हाति-तिमिमध्ये 'ति'. पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर दुसऱ्याचं पहिलं असेल तरच सांधा जुळतो. पुढे शेळी विंचवाच्या मानेवर चढते तेव्हा धडाचा आणि मुंडक्याचा 'संधि' झाला, असं कवी म्हणतो. तोही शब्द व्याकरणातलाच.

मराठीत करून पाहिलं की या नियमाची धार कळते. कासव आणि वाघ : कासवाघ. पोपट आणि टिटवी : पोपटिटवी. गरुड आणि डुक्कर : गरुडुक्कर. आता वाघ आणि म्हैस घ्या. 'वाघम्हैस' हा नुसता जोडशब्द झाला. दोन प्राणी शेजारी उभे राहिले, एकमेकांत शिरले नाहीत. सामाईक अक्षर नसलं की ऐकणाऱ्याच्या कानाला फसवता येत नाही, आणि ही सगळी गंमत त्या फसवण्यातच आहे. 'कासव' म्हणताना जीभ पुढे सरकते आणि 'वाघ' कधी सुरू झाला हे कळतच नाही.

एक जागा मात्र मराठीत येत नाही. सिंहाला शिंग नाही याचं त्याला दुःख आहे, म्हणून तो हरणाशी जुळवून घेतो, असं एक कडवं आहे. बंगालीत सिंहाचा उच्चार 'शिंहो'च्या जवळ जातो आणि शिंगाला म्हणतात 'शिं'. म्हणजे सिंहाच्या नावात शिंग आहे आणि डोक्यावर नाही. त्याची तक्रार रास्त आहे.

असंबद्ध कविता म्हणजे मनाला येईल ते लिहिणं, असा समज असतो. सुकुमार राय यांच्या बाबतीत तो उलटा करून घ्यावा लागतो. ते जगाचा एकच स्क्रू फिरवतात आणि बाकी सगळं काटेकोर ठेवतात. ही सवय समजून घ्यायची असेल तर त्यांच्या घरातला छापखाना आधी पाहावा लागेल.

घर, छापखाना आणि मिठाईच्या नावाचं मासिक

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कोलकात्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी लेखक आणि चित्रकार होते, शिवाय भारतातल्या हाफटोन छपाईचे एक आद्य तंत्रज्ञ. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातली चित्रं लाकडी ठशांमध्ये पार बिघडली. वैतागून त्यांनी लंडनहून यंत्रसामग्री मागवली आणि १८९५मध्ये स्वतःचा ब्लॉक, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे, बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे तोच यू. राय अँड सन्स झाला.

सुकुमार यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन पदवी मिळवली. कॉलेजच्या दिवसांत मित्रांसोबत 'नॉन्सेन्स क्लब' काढला. १९११मध्ये गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडला गेले. आधी लंडनमध्ये, मग मँचेस्टरमध्ये फोटोएन्ग्रेव्हिंग आणि लिथोग्राफी ही छपाईची तंत्रं शिकले. तिथे असताना रवींद्रनाथांच्या साहित्यावर इंग्रजीत निबंधही वाचला. १९१३मध्ये परतले.

त्याच वर्षी वडिलांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक सुरू केलं होतं. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाई. (सुकुमार यांच्या मित्रमंडळाचं नावही असंच. सोमवारी भरणारा तो 'मंडे क्लब'. 'मंडा' ही बंगाली मिठाई असल्यामुळे त्याचा 'मंडा क्लब' झाला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी त्यात होते.) डिसेंबर १९१५मध्ये वडील गेले आणि मासिक, छापखाना, हिशेब हे सगळं अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमार यांच्याकडे आलं. ज्या कवितांसाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं त्या बहुतेक अशा : महिन्याचा अंक भरायचा म्हणून लिहिलेल्या, स्वतः चित्र काढलेल्या, स्वतःच्या छापखान्यात ब्लॉक करून छापलेल्या.

करड्या रंगाची अडचण

छापखान्याचं यंत्र दोनच गोष्टी करू शकतं. एखाद्या जागी शाई लावतं किंवा लावत नाही. फिकट काळं त्याला येत नाही. मग फोटोतली सावली छापायची कशी? उत्तर असं की सावलीचे बारीक ठिपके करायचे. गडद जागी मोठे, उजळ जागी लहान. डोळा ते दुरून मिसळून करडा रंग पाहतो. हाच हाफटोन.

ठिपके करण्यासाठी काचेची जाळी लागते. दोन काचांवर समांतर रेघा कोरून त्यांत काळा रंग भरतात आणि रेघा एकमेकींना काटकोनात छेदतील अशा रीतीने काचा चिकटवतात. रेघांच्या मधे बारीक पारदर्शक चौकोन उरतात. कॅमेऱ्यात ही जाळी फोटोच्या काचेला, म्हणजे जिच्यावर प्रतिमा उमटते तिला, टेकवायची नसते, थोडं अंतर ठेवावं लागतं, आणि सगळी कारागिरी त्या अंतरात आहे. जाळी फार जवळ आली तर चौकोनांचीच छाया पडते. ठिपके एका मापाचे होतात, चित्र सपाट दिसतं. फार लांब गेली तर प्रकाश पसरतो, ठिपके एकमेकांत मिसळतात, बारकावे जातात.

ब्लॉक करणारे कारागीर हे अंतर नजरेने ठरवत. उपेंद्रकिशोर यांनी लंडनच्या 'पेनरोझ' या छपाईविषयक वार्षिकात १८९७पासून लेख लिहून त्यामागचं गणित मांडलं. जाळीतला प्रत्येक चौकोन म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या छिद्राचा कॅमेरा समजा. तो भिंगाच्या छिद्राची, म्हणजे स्टॉपची, छोटी प्रतिमा मागच्या काचेवर पाडतो. मग प्रमाण सरळ लागतं : चौकोनाच्या रुंदीचं जाळीच्या अंतराशी जे नातं, तेच स्टॉपच्या व्यासाचं कॅमेऱ्याच्या लांबीशी.

आकडे घालून पाहू. इंचाला १०० रेघांची जाळी आहे. रेघ आणि मोकळी जागा सारख्या रुंदीच्या धरल्या तर चौकोन १/२०० इंचाचा. भिंगापासून काचेपर्यंत २० इंच आणि स्टॉप अर्ध्या इंचाचा, म्हणजे प्रमाण ४०ला १. तेव्हा जाळी काचेपासून ४० गुणिले १/२००, म्हणजे ०.२ इंच, साधारण ५ मिलिमीटरवर हवी. स्टॉप दुपटीने मोठा केला तर अंतर निम्मं करावं लागेल. तो बदलून अंतर तेच ठेवलं की ठिपका बिघडलाच.

सुकुमार या विषयावर इंग्लंडमध्ये असतानाच लिहू लागले आणि त्यांचाही लेख पेनरोझमध्ये आला. पुढे १९२२मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं.

छपाईत आणखी दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला कागदाचा. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचाला ६५ रेघांच्या आसपासची जाड जाळी चालते. १३३ किंवा १५० रेघांची बारीक जाळी गुळगुळीत आर्ट पेपरसाठी. बारीक जाळीचा ब्लॉक साध्या कागदावर छापला तर ठिपक्यांमधल्या फटी शाईने बुजतात आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग येतो. दुसरा घोळ रंगीत चित्रात. तीन रंगांच्या जाळ्या एकाच कोनात ठेवल्या तर त्या एकमेकींवर चढून चित्रभर नको असलेली नक्षी उमटते. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवतात.

रेषेचा ब्लॉक

'आबोल ताबोल' या सुकुमार यांच्या कवितासंग्रहातली बहुतेक चित्रं मात्र पेनाच्या रेषांची आहेत. रेषेला जाळी लागत नाही. तिच्यासाठी जस्ताचा लाइन ब्लॉक करतात. चित्राची कडक निगेटिव्ह काढायची, प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ती उमटवायची, आणि रेषा झाकून उरलेलं जस्त नायट्रिक आम्लात खायला लावायचं. रेषा उंच राहतात, त्यांवर शाई बसते.

अडचण अशी की आम्ल सरळ खालीच जात नाही, कडेनेही खातं. रेषेच्या पायाखालचं जस्त गेलं की बारीक रेषा छापताना तुटते. म्हणून थोडं खोदून झालं की पत्रा बाहेर काढतात, राळेची तांबडी भुकटी ब्रशने चारही बाजूंनी रेषांच्या कडेला बसवतात, तापवून चिकटवतात आणि पुन्हा आम्लात टाकतात. हे अनेक वेळा करावं लागतं.

हे माहीत असलेला माणूस चित्रच वेगळं काढतो. मूळ चित्र दुप्पट मोठं काढून निम्म्या मापात छापायचं असेल तर रेषेची जाडीही निम्मी होते आणि दोन रेषांमधली फटसुद्धा. फटी आधीच अरुंद असतील तर लहान झाल्यावर बुजतात. म्हणून बाह्यरेषा ठाम हवी, छायेच्या तिरक्या रेघा मोजक्या आणि सुट्या. राय यांचे प्राणी कितीही विचित्र असले तरी पाय कुठून निघतो आणि शेपूट कुठे जुळते याबद्दल शंका राहत नाही. शब्दात सांधा लपवलेला असतो. चित्रात तो दाखवावा लागतो, नाहीतर प्राणी उभा राहत नाही.

'खुडोर कल' (काकांचं यंत्र) ही कविता तर चित्रावाचून अर्धीच. माणसाच्या अंगाला एक सांगाडा बांधलेला असतो आणि त्याला तोंडासमोर खाऊ टांगलेला असतो. ज्याला जे आवडतं ते टांगायचं : मिठाई, चॉप, कटलेट, खाजा नाहीतर लुची. तोंड पुढे जातं, खाऊही तेवढाच पुढे सरकतो, पाय धावत राहतात. पाच तासांची वाट दीड तासात. यंत्राची खूण म्हणून वेगाचा आकडाही दिलाय.

ताल कुठे चुकतो

मराठी अनुवाद करणाऱ्यांची पहिली चूक वृत्तात होते. आपण मात्रा मोजताना ऱ्हस्व स्वराला एक आणि दीर्घाला दोन देतो. बंगाली उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेद उरलेला नाही, म्हणून तिथली मोजणी निराळी. मात्रावृत्तात स्वरावर संपणाऱ्या तुकड्याला एक, व्यंजनावर संपणाऱ्याला दोन. 'खिचुडि'ची पहिली ओळ अशी मोजा : हाँस् (२) छि (१) ल (१), स-जा-रु (३), ब्या (१) क (१) रण् (२), मा-नि-ना (३). चार-तीन, चार-तीन.

दुसरा प्रकार स्वरवृत्त, बडबडगीतांचा. तिथे उघडा असो की बंद, प्रत्येक तुकड्याला एकच. 'एकुशे आइन' (एकविसाचा कायदा) याच तालात सुरू होते : शिब्-ठा-कु-रेर् / आ-पन्-दे-शे. चार आणि चार. वाचताना टाळी द्यायची ती प्रत्येक गटाच्या पहिल्या तुकड्यावर, 'ये रे ये रे पावसा' म्हणताना देतो तशी. मराठीत आणताना ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसलं की ओळ लांबते, टाळी निसटते आणि मजकूर बरोबर असूनही कोणी हसत नाही.

त्या कवितेचा मजकूरही पाहण्यासारखा. शंकराच्या देशात पाय घसरून पडलं की शिपाई पकडतो, काझीपुढे खटला चालतो, दंड एकवीस रुपये. संध्याकाळी सहाच्या आत शिंकायचं तर तिकीट लागतं; नसेल तर तपकीर घालून एकवीस वेळा शिंकायला लावतात. घोरणाऱ्याला एकवीस तास टांगतात. आणि कविता करणाऱ्यांना पिंजऱ्यात कोंडून कानाशी नाना सुरांत पाढे म्हणतात, वर वाण्याच्या वहीतली एकवीस पानं हिशेबाला देतात. कायदा वेडा आहे, पण अंमलबजावणी सुरळीत आहे. शिक्षांमध्ये एकवीस हा आकडा कचेरीच्या शिक्क्यासारखा पुन्हा पुन्हा पडतो. वसाहतीच्या काळातल्या वाचकाला यातली कचेरी ओळखायला वेळ लागला नसेल, आणि आजच्याही लागत नाही.

मोजपट्टी बिघडली तर

'ह य ब र ल' ही गद्य गोष्ट 'संदेश'मध्ये १९२२मध्ये आली. गवतावर ठेवलेला रुमाल उचलायला जावं तर त्याचं मांजर झालेलं, इथून ती सुरू होते. तिच्यात तंत्रज्ञाचे विनोद सर्वांत दाट आहेत.

एक म्हातारा फितीने मुलाची मापं घेतो. उंची २६ इंच, बाही २६ इंच, छाती २६, गळाही २६. मुलगा हरकत घेतो. मग कळतं की फितीवरचे बाकी आकडे पुसले गेलेत, २६ एवढाच वाचता येतो. मोजण्यात चूक नाही, फितीत आहे. आणि फीत बदलायचं कोणाच्या मनात येत नाही.

याच म्हाताऱ्याकडे वयाची सोय आहे. चाळीस झाले की वय उलटं फिरवायचं : एकोणचाळीस, अडतीस, सदतीस असं करत दहापर्यंत उतरू द्यायचं, मग पुन्हा वाढवायचं. आत्ता त्याचं वय तेरा आहे.

आणि काक्केश्वर नावाचा हिशेबनीस कावळा. त्याचं गणित मराठीत जसंच्या तसं लागतं. आपण म्हणतो, सात दुणे चौदा, चौदाचे चार, हातचा एक. कावळा म्हणतो : चौदाचे चार, हातात राहिली पेन्सिल. 'हाते रइल पेन्सिल' हा बंगालीत रूढ वाक्प्रचार झाला. सगळा खटाटोप करून पदरात काहीच पडलं नाही की तो वापरतात.

शेवटची डमी

१९२१मध्ये सुकुमार यांना काला आजार झाला. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा परजीवी हा रोग करतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, रक्त कमी होत जातं. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्यावरचं युरिया स्टिबामाइन हे औषध त्याच कोलकात्यात, त्याच वर्षांत तयार केलं होतं, पण ते अजून सर्रास वापरात आलं नव्हतं. मे १९२१मध्ये मुलगा सत्यजित जन्मला. त्यापुढची दोन-अडीच वर्षं सुकुमार यांनी बरीचशी अंथरुणातच काढली आणि त्याच काळात 'ह य ब र ल' लिहिली. 'आबोल ताबोल'चं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा कवितांची निवड, मुखपृष्ठ, चित्रांच्या जागा, पानांची मांडणी असलेली डमी त्यांनी स्वतः केली. रवींद्रनाथ भेटायला येऊन गाणी म्हणून गेले. १० सप्टेंबर १९२३ रोजी कोलकात्यातल्या गडपारच्या घरी सुकुमार वारले. पुस्तक १९ सप्टेंबरला आलं.

'संदेश' १९६१मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी पुन्हा सुरू केलं. वडिलांवर सत्यजित यांनी १९८७मध्ये माहितीपटही केला.

मूळ बंगालीतून वाचायचं असेल तर

लिपी आठवडाभरात लागते, उच्चारांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. 'अ' हा 'ऑ'कडे किंवा 'ओ'कडे झुकतो, 'स'चा बहुधा 'श' होतो, 'व'चा 'ब', आणि शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज'. एवढं केलं की अर्धे शब्द ओळखीचे निघतात. सुरुवात 'खिचुडि'ने करावी, मग 'सत्पात्र' घ्यावी : मुलीला उत्तम स्थळ मिळालंय म्हणून अभिनंदन करत करत मुलाचं एकेक लक्षण सांगणारी कविता. नवरदेव मॅट्रिकला एकोणीस वेळा बसून थांबलेत. त्यानंतर 'एकुशे आइन' टाळ्या देत मोठ्याने वाचावी. 'ह य ब र ल' शेवटी, कारण तिथे वृत्ताचा आधार नाही. तिच्या नावात मात्र मराठी माणसाला मूळ ओळख सापडेल. पाणिनीच्या माहेश्वर सूत्रांत 'हयवरट्, लण्' असा क्रम येतो. त्यातलीच ही अक्षरं, व्याकरणाच्या पहिल्या पानावरची. बंगालीत 'हजबरल' असा उच्चार होऊन त्याचा रूढ अर्थ झालाय गोंधळ.